मला ध्यान लागतं, असं सगळे म्हणायचे

डॉक्टर विचारायचे, "झोप लागते का?" मी म्हणायची, "हो, लागते की. पडल्या पडल्या लागते." मग ते समाधानाने मान हलवायचे आणि लोहाच्या गोळ्या लिहून द्यायचे. पाच-सहा वर्षांत असे चार डॉक्टर झाले. चौघांनीही हाच प्रश्न याच शब्दांत विचारला, कारण आपल्याकडे झोपेचं दुखणं म्हणजे झोप न लागणं. बसल्या जागी, घास तोंडात असताना, समोरच्याचं बोलणं ऐकता ऐकता जिला झोप लागते, तिचं काय लिहायचं हे त्यांना सुचलं नसतं. आणि मी तरी कुठे सांगत होते? झोप लागते ही तक्रार असू शकते, हे मलाच माहीत नव्हतं.

माझ्या आजाराचं नाव नार्कोलेप्सी. मी मुद्रितशोधनाचं काम करते, शब्द शोधत बसणं हा माझा धंदाच आहे, तरी याला चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. मेंदूत माणसाला जागं ठेवणारं एक द्रव्य असतं. ते तयार करणाऱ्या मूठभर पेशी माझ्या मेंदूत मेल्या आहेत आणि त्या परत येणार नाहीत. बाकीची माहिती पुस्तकांत मिळेल. पुस्तकांत जे नाही ते मी लिहिते आहे. त्यात एक लहान मूल आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते, हे वाचून बरं वाटणार नाही. उपयोग झाला तर व्हावा.

तुपात उभे करावे

नाशिक रोडला एका छापखान्यात मी बारा वर्षं मुद्रितं तपासते. शाळेची गाइडं, पाककृतींची पुस्तकं, संस्थांचे अहवाल, असलं काय काय. एकतिसाव्या वर्षी मला मोठा ताप आला, आठवडाभर उतरला नाही, आणि त्यानंतर हे सुरू झालं. सकाळी अकराच्या सुमारास ओळी एकमेकींत शिरायला लागायच्या. गंमत म्हणजे हात थांबायचा नाही. एकदा पाककृतींच्या पुस्तकाच्या समासात माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं निघालं, "काकांना दोन चमचे तुपात उभे करावे."

आमचे मॅनेजर देवळ्याकडचे. पगार हे त्यांचं आडनाव, म्हणून सगळे त्यांना पगारकाका म्हणतात. ते कागद हातात घेऊन आले. "बाई, मला तुपात कधी उभं करताय? म्हंजे तयारीनं येतो."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता माझी मान एकदम सैल पडली, हनुवटी टेबलावर टेकली. सगळ्यांना वाटलं, बाई पोट धरून हसतायत. मला मात्र काही क्षण मान वर उचलताच येत नव्हती. दुपारी काकांनी मला बाजूला घेतलं. "लक्ष कुठं असतं हल्ली? घरी काई हाय का?" मी नाही म्हटलं. खरंच काही नव्हतं. लक्ष कुठे जातं हे मला सांगता आलं असतं तर ते गेलंच नसतं.

डोळे मिटले की

सासूबाई कॉलनीतल्या देवळाच्या सभागृहात रोज सकाळी ध्यानवर्गाला जायच्या. त्यांच्या सोबतीला म्हणून मी जायला लागले. वर्ग घेणारे सर निवृत्त इंजिनिअर, साधे गृहस्थ, फी नाही की बुवाबाजी नाही. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, मन भरकटलं की न चिडता परत आणा, एवढंच सांगायचे.

मी डोळे मिटले आणि मिनिटाभरात विहिरीच्या कडेला बशीतून चहा पिणारे माझे वारलेले वडील दिसले. नुसते आठवले नाहीत, दिसले. बशी फुंकल्याचा आवाज आला. कोणीतरी मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताची ऊब लागली. वीस मिनिटांनी घंटी वाजली तेव्हा माझे डोळे ओले होते. सरांनी विचारलं, काय अनुभव आला? मी सांगितलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. बाकीच्यांना महिनोन् महिने बसून गुडघे दुखण्यापलीकडे काही होत नव्हतं. सासूबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "आमची सून लय पुढं गेलीये. मी आपली माळ ओढत बसते, हिचे डोळे मिटले का ध्यान लागलंच म्हणून समजा."

मराठीत हे एक मोठं सोयीचं क्रियापद आहे. डोळा लागतो, झोप लागते, तंद्री लागते, ध्यान लागतं, समाधीही लागते. सगळं लागतंच. आमच्यापैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. वर्गानंतरच्या भजनात रंगले की माझे गुडघे दुमडायचे, जीभ जड व्हायची, आणि चार बायका धरून मला खाली बसवायच्या. म्हणायच्या, भाव दाटून आलाय. एकदा एका आजींनी माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतले, पण सावकाश घेतले. हे लिहिताना मला लाज वाटते. छापखान्यात जी बाई लक्ष नसल्याबद्दल बोलणी खात होती, ती इथे लक्ष लागण्याबद्दल नमस्कार घेत होती. मला ते फार आवडत होतं.

वीस दिवस आधी

माझे यजमान संजय कमी बोलतात, पण बोलले तर हसवतात. जुलैची सुरुवात होती. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि त्यांनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल केली. मला हसू आलं आणि ट्रे पडला. निसटला नाही, हातांनी तो सोडून दिला. मागोमाग मीही खाली बसले. शुद्ध पूर्ण होती. फुटलेल्या कपांचे तुकडे मी मोजू शकले असते, पण बोट हलत नव्हतं. अर्ध्या मिनिटाने सगळं परत आलं. संजय म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन ये." मी म्हटलं, बघू.

त्या दुपारी मी फोनवर शोधलं. हसल्यावर हातातली वस्तू पडते, असंच लिहिलं. पहिल्याच पानावर आजाराचं नाव होतं. खाली लक्षणं होती, दिवसा अनावर झोप, झोप लागता लागता दिसणारी खरीखुरी वाटणारी दृश्यं, खोलीत कोणी असल्याचा भास, हसताना अंगातलं बळ जाणं. मी ओळीनं वाचत गेले. मुद्रित तपासावं तसं एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि एकही चूक सापडली नाही.

गुरुपौर्णिमेला वर्गात मी माझे अनुभव सांगावेत असं सरांनी ठरवलं होतं. मी फोन बंद केला आणि भाषणाचे मुद्दे काढायला बसले.

रविवार

माझे धाकटे दीर नितीन, त्यांची बायको पल्लवी आणि त्यांची सात महिन्यांची मुलगी सई तेव्हा आमच्याच घरात राहत होते. रविवारची सकाळ होती. पल्लवी डाळीला फोडणी घालणार होती. "ताई, हिला जरा घ्या ना. हसवा थोडं, सकाळपासून किरकिर चाललीय."

मी तिला घेतलं. सई शिंकली. स्वतःच्या शिंकेने दचकली, माझ्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. मीही हसले.

माझे हात उघडले. मी बघत होते. सई माझ्या हातांतून सरकली आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटून खाली पडली. मी तिच्या शेजारी कोसळले. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. ती रडत नव्हती. मला ओरडायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. फोडणीचा आवाज येत होता. पल्लवी वळली तेव्हा तिला आम्ही दोघी जमिनीवर दिसलो.

सगळे विचारायला लागले, काय झालं, काय झालं. मी म्हणाले, "चक्कर आली." आपल्याकडे बाई पडली की चक्कर येऊनच पडते, त्यापुढे कोणी काही विचारत नाही.

सईच्या डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं. ती वाचली. तिचा डावा हात आणि डावा पाय नीट चालत नाही, अजूनही नाही. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि मला, त्या बाकावर, सई आत असताना, दोनदा झोप लागली. संजयनी कोपराने ढोसून उठवलं. पल्लवीच्या आईने ते पाहिलं. तिच्या मनात माझ्याबद्दल तेव्हा काय आलं असेल ते आलं असेल, तिला चूक म्हणायची माझी छाती नाही.

पाचपैकी पाच

सईच्याच डॉक्टरांनी सुचवलं की या बाईंनाही तपासा. मग मी झोपेच्या चाचणीला गेले. एक रात्र तिथे काढायची, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पडदे ओढून वीस मिनिटं पडायचं, असं पाच वेळा. डोक्याला चिकट लेप लावून तारा डकवतात. हे कोणाच्या वाट्याला आलं तर घाबरू नका, दुखत काहीच नाही. फक्त डोकं धुताना तो लेप निघता निघत नाही, खोबरेल तेल लावून बसा म्हणजे सुटतो.

तारा लावणाऱ्या निकम सिस्टर सटाण्याच्या, साठीला आलेल्या. प्रत्येक वेळी पडदा उघडून विचारायच्या, "झोप लागली होती का?"

"नाही," मी म्हणायची. "ध्यान लागलं होतं."

दोनदा त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "कसानं ध्यान शे, ताई. घोरत होत्या तुम्ही." त्यांचा सूर प्रेमळ होता. मला मात्र कोणीतरी चारचौघांत पदर ओढल्यासारखं झालं.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी संगणकावर रेघा दाखवल्या. "हे बघा, इथे तुम्ही डोळे मिटले. आणि हे इथे, दोन मिनिटांत, स्वप्नाची झोप. इतरांना इथवर यायला तास-दीड तास लागतो. तुम्ही पाचही वेळा थेट इथेच उतरलात." मग त्यांनी समजावलं. स्वप्नात आपण धावतो पण अंथरुणात पाय हलत नाहीत, कारण तेवढ्यापुरतं मेंदू अंगाला ढिलं सोडतो. माझा मेंदू जागेपणीही ते करतो, हसू आलं की.

"आणि ध्यान?" मी विचारलं. मला अजून आशा होती.

"ध्यानातही मन जातंच. पण ते गेलं हे कळतं, मग आपण परत आणतो. कळणं म्हणजेच जागं असणं. तुम्हाला गेलेलं कळायचं?"

"नाही."

"मग ती झोप होती," त्या म्हणाल्या. दोन वर्षांची माझी सगळी पुण्याई त्या वाक्यात गेली, आणि खरं सांगते, सईचं सगळं समोर असतानाही मला क्षणभर त्याचंच वाईट वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "बाळ पडायच्या आधी असं कधी झालं होतं? हसताना हातपाय सैल?"

संजय शेजारी होते. नितीन दाराशी उभे होते. संजयना ट्रे आठवत होता की नाही, मला माहीत नाही. ते जमिनीकडे बघत होते. मी म्हणाले, "माझ्या लक्षात नाही."

आधी बसायचं, मग हसायचं

औषधाने फरक पडतो. ज्यांना नुकतंच निदान झालंय त्यांना हे सांगायलाच हवं. दिवसातून दोनदा ठरवून वीस मिनिटं झोपलं की बाकीचा दिवस बऱ्यापैकी हातात येतो. पगारकाकांनी कागदाच्या रिमांमागे माझ्यासाठी एक सतरंजी घातली आणि कंपोझिटर पोरींना दम दिला, "बाईंची झोप मोडली तर तुमाला तुपात उभं करीन." गाडी मी चालवत नाही. गॅसपाशी एकटी थांबत नाही. हसायचं असेल तर आधी बसते.

पण घर हसायचं थांबलं. संजयनी नकला सोडल्या. टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला की कोणीतरी न बोलता चॅनल बदलायचं. नितीन आणि पल्लवीनी दोन महिन्यांत वेगळं घर घेतलं, स्टेशनच्या पलीकडे. सासूबाई वर्गाला जायच्या बंद झाल्या. मला त्या टाकून बोलल्या नाहीत, फक्त एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "मी लोकास्नी सांगत सुटले. मलाच हौस." मी म्हणायला हवं होतं की हौस मलाही होती. नाही म्हणाले.

सर एकदा भेटायला आले. मी चिडूनच होते. म्हटलं, तुम्हाला झोपलेलं माणूस ओळखता येत नाही? त्यांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "वीस वर्षं बसतो मी. मला एकदाही तसं काही दिसलं नाही. तुमच्याकडे बघून वाटायचं, म्हणजे हे खरं असतं, कोणाला तरी लागतं." म्हातारा माणूस मान खाली घालून बसला होता. माझा राग गेला, पण मी तसं त्यांना म्हटलं नाही.

आता मी ध्यान करते. उभ्याने, डोळे उघडे ठेवून, खिडकीच्या गजाला धरून, दहा मिनिटं. मन दर वेळी ओट्याच्या कडेपाशी जातं. गेलं हे मला कळतं. मी ते परत आणते, पुन्हा जातं. डॉक्टरांच्या व्याख्येप्रमाणे हे खरं ध्यान आहे. यात सुख काडीचंही नाही.

परवानगी

हे लिहायला घेतलं तेव्हा मी पल्लवीला फोन केला. तीन वर्षांत आमचं बोलणं सणासुदीपुरतं, तेही चार शब्द. म्हटलं, सईबद्दल लिहिल्याशिवाय हे लिहिता येणार नाही, तुझी परवानगी हवी. ती म्हणाली, "येते मी. वाचून बघते."

ती सईला घेऊन दुपारी आली. सई आता पावणेचारची आहे. डाव्या पायात बूट आहे, त्याला पट्टी आहे. ती सोफ्यावर बसून उजव्या हाताने बिस्किटं एकावर एक रचत होती. पल्लवी डायनिंग टेबलापाशी पानं वाचत होती. मी उभी होते.

त्या पहिल्या खर्ड्यात "वीस दिवस आधी" हा भागच नव्हता. त्या जागी एकच वाक्य होतं, "त्या रविवारपर्यंत मला कशाचीच कल्पना नव्हती."

पल्लवीने त्या वाक्यावर बोट ठेवलं. "ताई, हे खरं आहे ना? तुम्हाला आधी काहीच माहीत नव्हतं?"

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. तिला हो ऐकायचं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं, डॉक्टरांच्या कागदावर तेच होतं.

मी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मला माहीत होतं. वीस दिवस आधी हातातून ट्रे पडला होता. मी फोनवर शोधून वाचलं होतं, नावासकट. कोणाला सांगितलं नाही, कारण गुरुपौर्णिमेला मला बोलायचं होतं."

तिने वाक्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला म्हटलं होतं, हसवा तिला."

"हो."

"तीन वर्षं मी तेच म्हणतेय स्वतःला. मीच दिलं तिला तुमच्या हातात. मीच म्हटलं, हसवा. ताईंना काय माहीत, माझंच चुकलं. रोज म्हणते. भाजी चिरताना म्हणते, हिला व्यायामाला नेताना रिक्षात म्हणते." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही इथे माहीत असून गप्प बसलात आणि मी तिकडे स्वतःला खात बसले."

माफ कर म्हणाले, ते तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. तिने सईचा बूट नीट केला, तिला कडेवर घेतलं आणि गेली. बिस्किटं सोफ्यावरच राहिली.

संध्याकाळी नितीनभाऊजींचा फोन आला. "वहिनी, काय बोललात तुम्ही तिला? घरी आल्यापासून रडतेय. सई पडली तेव्हापासून एकदाही रडली नव्हती ती." मागून पल्लवीचा आवाज येत होता, नीट कळत नव्हता. भाऊजींनी तिचं ऐकून घेतलं आणि पुन्हा फोनवर आले.

"ती म्हणतेय, छापा म्हणावं. पोरीचं नाव बदला. आणि ते आधी माहीत असल्याचं तेवढं गाळू नका."

मी नाव बदललं आहे.